भाऊ बोलेनासा झाला आहे, हे वयामुळे का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ४४ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम हा जन्मजात गुणसूत्रदोष आहे. तो आईबरोबर वाईला राहत असे. छोट्या वाक्यांत का होईना, पण तो भरपूर बोलायचा. आळीतल्या प्रत्येकाची खबरबात त्याच्याकडे असायची आणि वर्तमानपत्रातले मथळे तो बोट ठेवून वाचायचा. मागच्या वर्षी आई गेली आणि आम्ही त्याला पुण्याला आमच्याकडे आणले. गेल्या सातआठ महिन्यांत त्याचे बोलणे फार कमी झाले आहे. ‘हो’, ‘नको’, ‘ते दे’ एवढ्यावर तो भागवतो. दोनतीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाही, दोन कामे सांगितली तर एकच करतो, दुपारी बसल्या बसल्या झोपतो. रात्री मात्र खोलीत एकटा असताना आईच्या फोटोशी बराच वेळ बोलत असतो, त्याची आम्हाला भीती वाटते. एका डॉक्टरांनी ‘अशा लोकांचे वय लवकर होते’ असे सांगितले. दुसऱ्यांनी कोणतीही तपासणी न करता अल्झायमरचे नाव घेऊन गोळ्या लिहून दिल्या, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत. घरात मुलगा आणि सून मराठी-इंग्रजी मिसळून बोलतात, त्याने त्याचा गोंधळ होत असेल का? आणि या वयात स्पीच थेरपीचा काही उपयोग होतो का?
— एक बहीण, पुणे

उत्तर : ताई, सातआठ महिन्यांत एखाद्या माणसाचे बोलणे असे आटले, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून देता येत नाही आणि तपासणीवाचून त्याला अल्झायमर हे नावही देता येत नाही. तुमच्या भावाचे कान, थायरॉइड, झोप आणि मन या चार गोष्टी आधी पाहायला हव्यात. त्या नीट पाहून झाल्यावरच स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे अल्झायमरसारख्या आजाराचा, विचार करावा, आणि लिहून दिलेल्या गोळ्या तोवर सुरू केल्या नाहीत हे तुम्ही योग्यच केले. हा क्रम मी आग्रहाने सांगते आहे, कारण या चारही कारणांवर काही ना काही उपाय आहे, आणि अल्झायमर हा शब्द एकदा केसपेपरवर लिहिला गेला की पुढचे डॉक्टर सहसा या कारणांकडे वळून पाहत नाहीत.

दोन्ही डॉक्टरांनी घाईने उत्तर दिले, त्यामागे एक कारण आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते; आज ते ६० च्या घरात पोचले आहे. जन्मजात हृदयदोषावरच्या शस्त्रक्रिया, संसर्गावरचे चांगले उपचार आणि संस्थेऐवजी घरात होणारे संगोपन यांमुळे हा बदल घडला. म्हणजे चाळिशी-पन्नाशी गाठणारी ही पहिलीच मोठी पिढी आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम पाहिला आहे तो बालरोग विभागात. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचे बोलणे कमी होते तेव्हा काय पाहायचे, हे त्यांना कोणी फारसे शिकवलेले नसते.

आता भाषेविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या भावाचे पूर्वीचे बोलणे कसे होते हे समजल्याशिवाय आजचा बदल मोजता येणार नाही. डाउन सिंड्रोममध्ये भाषेची सगळी अंगे सारखीच कमकुवत नसतात. शब्दांचा अर्थ समजणे हे त्यातले सर्वांत बळकट अंग असते, आणि अनुभव वाढेल तसा हा शब्दसाठा प्रौढपणीही वाढत राहतो. वाक्य रचून बोलणे मात्र त्या मानाने कठीण जाते. प्रत्यय गळतात, क्रियापदाची रूपे चुकतात, लांब वाक्य अर्ध्यावर सुटते. तोंडाच्या स्नायूंचा सैलपणा आणि तोंडाची लहान पोकळी यांमुळे उच्चारही अस्पष्ट राहतात. त्यामुळे परक्या माणसाला वाटते त्यापेक्षा त्यांना पुष्कळ अधिक समजत असते, आणि हे विसरून त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलले जाते, ही गोष्ट मला फार खटकते.

तिसरी बाब आहे ऐकलेले काही क्षण मनात धरून ठेवण्याच्या क्षमतेची. ती डाउन सिंड्रोममध्ये विशेष कमी असते. एका वेळी तीनचार शब्दांपलीकडे धरून ठेवणे अनेकांना जमत नाही. डोळ्यांनी पाहिलेले मात्र त्यापेक्षा चांगले टिकते. ‘काकांनी दिलेला डबा शेजारच्या मामींना देऊन ये आणि येताना दूध घेऊन ये’ हे वाक्य आपल्याला साधे वाटते, पण त्यात दोन कामे, दोन नाती आणि एक क्रम आहे. दोन कामांपैकी तो एकच करतो, असे तुम्ही लिहिले आहे. हे नवे आहे की पूर्वीपासूनचे, याचा शोध घ्या. कदाचित तुमच्या आई वर्षानुवर्षे त्याला एका वेळी एकच काम सांगत असतील, हातात पिशवी देऊन सांगत असतील, आणि तो ते बिनचूक करत असेल.

ही भाषा वयाबरोबर कशी बदलते? किशोरवयानंतर यांची भाषा वाढत नाही, असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात रॉबिन चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलामुलींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून दाखवले की वाक्ये रचून बोलण्याची क्षमता किशोरवयाच्या शेवटापर्यंत वाढत राहते. गुंतागुंतीची वाक्ये समजण्यात मात्र काहींची गती त्या वयात मंदावते. त्यापुढच्या वयात, स्मृतिभ्रंश नसेल तर, चाळिशीभर भाषा बहुतांशी टिकून राहते असे अभ्यास सांगतात. उत्तर द्यायला थोडा अधिक वेळ लागतो, नेमका शब्द पटकन सुचत नाही, ओळीने नावे सांगताना अडखळायला होते, इतपत बदल वयाचा म्हणता येईल. पण भरपूर बोलणारा माणूस काही महिन्यांत तीन शब्दांवर येतो, हे या वर्णनात बसत नाही.

बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातले भाषामानसशास्त्रज्ञ झाँ रोंदाल यांनी अभ्यासलेली एक फ्रेंचभाषक स्त्री या विषयात फार महत्त्वाची आहे. तिला डाउन सिंड्रोम होता, तरी तिशीच्या सुरुवातीला ती लांबलचक, व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्ये सहज बोलत असे, आणि तिच्या त्या भाषेची बारीक नोंद करून ठेवलेली होती. सुमारे पंधरा वर्षांनी तिला पुन्हा तपासले, तेव्हा बोलणे आणि समजणे या दोन्हींत स्पष्ट घट आढळली, आणि ती अल्झायमरची सुरुवात असावी असा अंदाज बांधला गेला. तिची तुलना इतरांशी केली असती, तर कदाचित ‘ही तर उत्तम बोलते’ असाच निष्कर्ष निघाला असता. घट कळली, कारण तिची तुलना तिच्याच जुन्या नोंदीशी करता आली. तुमच्या भावाची अशी लिखित नोंद नसेल, पण वाईचे शेजारी, तुमचे नातेवाईक, लग्नकार्यातले व्हिडिओ, फोनमधली जुनी रेकॉर्डिंग ही त्याची नोंदच आहे. ती आताच गोळा करायला लागा.

आता कानांकडे वळते. तुमच्या पत्रातले ‘दोनतीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाही’ हे वाक्य वाचून माझे लक्ष सर्वांत आधी तिकडेच गेले. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे मळ लवकर साचतो आणि घट्ट होतो. कानाच्या मधल्या भागात पाणी साठण्याचा त्रास लहानपणी असतोच, तो पुष्कळांत मोठेपणीही राहतो. याशिवाय म्हातारपणी येणारा बहिरेपणा या व्यक्तींमध्ये इतरांपेक्षा वीस-तीस वर्षे आधी सुरू होऊ शकतो. त्यात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर तेवढे ऐकू येत राहतात. ‘साखर’ म्हटले की ‘भाकर’ म्हटले हे अशा माणसाला अंदाजाने ओळखावे लागते. पंखा चालू, टीव्ही चालू, दोघेतिघे एकदम बोलताहेत, अशा घरात हा अंदाजही चुकतो. आपण ‘मला ऐकू येत नाही’ असे सांगतो; तो ते सांगत नाही, तो बोलणे सोडून देतो.

म्हणून पहिल्यांदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घ्या आणि त्यानंतर श्रवणचाचणी करा. मळ न काढता केलेली चाचणी फसवी ठरते. आवाज आला की बटण दाबायचे, ही नेहमीची ऑडिओमेट्री त्याला जमली नाही तर ‘हा सहकार्य करत नाही’ असा शेरा मान्य करू नका. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणारी टिम्पॅनोमेट्री आणि आवाजाला मेंदूपर्यंतच्या मार्गातून मिळणारा प्रतिसाद मोजणारी बेरा तपासणी यांत त्याला काही उत्तर द्यावे लागत नाही. पुण्यात या सोयी आहेत. अधिक सखोल तपासणीची गरज वाटली, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, तिथे कान आणि वाचा दोन्ही एकाच ठिकाणी पाहिले जातात. त्याच आठवड्यात डोळेही तपासा. मोतीबिंदू आणि कॉर्नियाचे विकार या व्यक्तींमध्ये लवकर आणि वरचेवर दिसतात, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही तो समोरच्याच्या ओठांवर आणि चेहऱ्यावर अवलंबून असतो. तो अजून मथळे वाचतो का, तेही पाहा.

थायरॉइड मंदावणे डाउन सिंड्रोममध्ये इतके सामान्य आहे की वर्षा-दोन वर्षांनी टीएसएचची रक्ततपासणी करावीच लागते. मंदावलेल्या थायरॉइडने माणूस सुस्त, अबोल आणि विसराळू होतो. लक्षणे स्मृतिभ्रंशासारखी दिसतात आणि रोजच्या एका गोळीने सुधारू शकतात. त्याच वेळी रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व पाहा. तुमचे घर शाकाहारी असेल तर बी-१२ मुळीच विसरू नका. दुपारी बसल्या बसल्या येणाऱ्या झोपेचे मूळ बहुधा रात्रीत सापडेल. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांत आढळतो. तो मोठ्याने घोरतो का, घोरता घोरता श्वास थांबून दचकतो का, मान मागे टाकून किंवा बसून पुढे वाकून झोपतो का, हे एक-दोन रात्री जागून पाहा आणि मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. ज्याची झोप वर्षभर रोज रात्री तुटते आहे, त्याच्याकडून शब्द सुचण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आता मनाविषयी. तुमच्या आई गेल्या, तेव्हा तुमच्या भावाने आई गमावली आणि तिच्याबरोबर आपली दुभाषीही गमावली. त्याचे अस्पष्ट उच्चार, अर्धी वाक्ये, घरात तयार झालेले खास शब्द, ‘ते’ म्हणजे नेमके काय, हे सगळे चाळीस वर्षे त्यांना कळत होते. वाईच्या आळीतही त्याला ओळखणारी, त्याचे बोलणे थांबून ऐकणारी माणसे होती. पुण्यात फ्लॅटचे दार बंद झाल्यावर दिवसभरात त्याच्याशी किती जण बोलतात? त्याने काही म्हटले आणि ते घरच्यांना कळले नाही, असे दिवसातून किती वेळा होते? आपले बोलणे वारंवार वाया जाते असे दिसले, तर कोणीही माणूस ‘हो’ आणि ‘नको’वर येईल. आईला समजणारे शब्द कोणते होते, हे वाईच्या शेजाऱ्यांना विचारून एका वहीत लिहून काढा आणि ती वही मुलाला आणि सुनेला वाचायला द्या. थेरपीच्या पहिल्या महिन्यात होते त्याहून अधिक काम कधी कधी एवढ्यानेच होते.

शोकही अशा व्यक्तींमध्ये उशिरा, काही वेळा अनेक महिन्यांनी, बाहेर दिसतो. रडण्याऐवजी गप्प बसणे, जेवणावरून मन उडणे, आवडत्या गोष्टी सोडणे, अशा रूपात तो येतो. आई गेल्याचे त्याला स्पष्ट शब्दांत कोणी सांगितले होते का? ‘देवाघरी गेली’, ‘गावाला गेली’ अशा बोलण्याचा तो शब्दशः अर्थ घेण्याची शक्यता आहे, आणि मग तो वाट पाहत राहतो. त्याला सांगा, की आई वारली, तिचे शरीर आता नाही, ती परत येणार नाही, आणि तू आमच्याबरोबरच राहणार आहेस. हे एकदा सांगून भागणार नाही. तो विचारेल तितक्या वेळा, तितक्याच शांतपणे सांगा. जमले तर त्याला वाईला घेऊन जा, जुन्या घरात आणि शेजारी बसू द्या. उदासी खोल वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे जरूर जा. नैराश्यावरचे उपचार या व्यक्तींनाही लागू पडतात.

फोटोशी चाललेल्या बोलण्याची मात्र भीती बाळगू नका. स्वतःशी मोठ्याने बोलणे डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये अगदी सर्रास आढळते. दिवसभरात घडलेले मनात जुळवून पाहण्याची, दुःख हलके करण्याची ती त्यांची रीत असते आणि केवळ तेवढ्यावरून वेडाचा संशय घेऊन औषधे देणे चूक आहे. त्याच्या बोलण्याचा सूर एकाएकी भेदरलेला किंवा स्वतःला शिव्या देणारा झाला, तर तेवढे डॉक्टरांना सांगा. आईशी तो जी वाक्ये बोलतो ती तुमच्याशी बोलताना वापरतो त्यापेक्षा लांब आहेत का, हे दाराबाहेरून, त्याला न दुखवता, एकदा ऐका. लांब असतील, तर त्याची भाषा शाबूत आहे आणि अडचण ऐकण्यात, समजून घेतले जाण्यात किंवा मनात आहे, याचा तो भक्कम पुरावा ठरेल.

अल्झायमरचा प्रश्न टाळण्याचा माझा हेतू नाही. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, आणि ज्या प्रथिनापासून अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारा अॅमिलॉइड हा पदार्थ तयार होतो त्याचे जनुक याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत त्याचे थर दिसू लागतात. पण थर दिसणे आणि आजार प्रत्यक्ष जाणवणे यांत साधारण दहा वर्षांचे अंतर असते. स्मृतिभ्रंशाचे निदान सरासरीने ५३-५४ व्या वर्षी होते आणि चाळिशीच्या आत ते फार विरळ आहे. ४४ व्या वर्षी तो होऊ शकतो, पण पहिला संशय त्याच्यावर घेण्याचे हे वय नव्हे. सुरुवातीला स्वभावातला बदल, हट्टीपणा, आपणहून काही करायचे सोडणे दिसते. मग सवयीची कामे विसरणे, ओळखीची वाट चुकणे, आणि पुढे चालण्यात अडखळणे किंवा पहिल्यांदाच फिट येणे. हे सगळे महिन्यामहिन्याने वाढत जाते. चाळिशीनंतर दरवर्षी या दृष्टीने तपासणी व्हावी, असे डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांसाठी २०२० साली प्रसिद्ध झालेली वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्यामुळे उपचार होऊन तो पुन्हा बोलू लागला तरी ही वार्षिक तपासणी चालू ठेवा. गोळ्यांबद्दल सांगायचे, तर मेमॅन्टिन या नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधाची डाउन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढच्या व्यक्तींवर मोठी चाचणी झाली होती. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत त्याचा फायदा दिसला नाही.

मराठी-इंग्रजी मिसळण्याची चिंता सोडा. दोन भाषांत वाढलेल्या डाउन सिंड्रोमच्या मुलांची भाषा एकभाषक मुलांपेक्षा मागे पडत नाही, असे कॅनडातल्या अभ्यासात दिसले आहे. मुलगा आणि सून आपापसांत कसे बोलतात याने काही बिघडत नाही. मात्र त्याच्याशी थेट बोलताना त्याला लहानपणापासून सवयीची मराठी वापरावी, आणि त्याची भाषाचाचणी घेणारी व्यक्तीही मराठी बोलणारी असावी.

स्पीच थेरपीचा उपयोग या वयातही होतो, पण कान तपासल्यानंतर. उच्चार घोटून घेणारी थेरपी त्याला नको. संभाषणावर, चित्रे, फोटो आणि वाचनाच्या आधारावर काम करणारी व्यक्ती शोधा, आणि घरातल्यांनाही शिकवणार का, हे आधी विचारा. घरी बोलताना टीव्ही बंद करून समोर बसा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे म्हणत उत्तराची वाट पाहा. त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. बोबडे बोलू नका, तो चव्वेचाळीस वर्षांचा पुरुष आहे. ‘हे काय आहे, सांग बरं’ अशा परीक्षा घेण्यापेक्षा जुना अल्बम काढून तुम्हीच एखादी आठवण सांगायला लागा आणि थांबा. दर तीन महिन्यांनी त्याच अल्बमवर दहा मिनिटांच्या गप्पांचे चित्रण करून तारखेसह जपून ठेवा.

खर्चासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ या एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविमा योजनेची चौकशी करा. त्यात थेरपीचाही ठरावीक मर्यादेत समावेश आहे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. एक सूचना तातडीची : बोलणे एकाएकी, काही तासांत गेले, चेहरा किंवा हात एका बाजूने लुळा पडला, किंवा मान वाकडी धरून चालण्यात लटपट आणि लघवीवरचा ताबा सुटणे सुरू झाले, तर वरचा क्रम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात न्या. मानेचे मणके या व्यक्तींमध्ये सैल असू शकतात, आणि मज्जारज्जूवर आलेला दाब लवकर काढावा लागतो.

कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी त्यालाही सांगा, की उद्या तुझे कान तपासायचे आहेत, डॉक्टर कानात दिवा लावून बघतील आणि दुखले तर हात वर करायचा. तिथे गेल्यावर डॉक्टरांना विनंती करा, की पहिला प्रश्न त्यालाच विचारावा.